अपडेट बंद करून अपग्रेड टळत नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी सूचना आली, की घ्यावी की नको हा प्रश्न घरीही पडतो आणि कचेरीतही. काही जण काहीही न पाहता बटण दाबतात. काही जण नवे काही नकोच म्हणून अपडेटची सगळी यंत्रणाच बंद करून टाकतात. कुणी विंडोज अपडेटची सर्व्हिस डिसेबल करून ठेवतो, तर कुणी वायफाय मुद्दाम ‘मीटर्ड’ (मोजून डेटा मिळणारे) असे नोंदवतो. ही दुसरी सवय जास्त धोक्याची आहे आणि ती चांगल्या हेतूने लागलेली असते, म्हणून हे पत्र.

अपडेट आणि अपग्रेड हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. आहे त्याच प्रणालीतली सापडलेली भोके बुजवणे म्हणजे अपडेट. विंडोजचे हे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अपग्रेडमध्ये खालची प्रणालीच बदलते. ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने बसतात, सेटिंग हलतात, एखादा जुना प्रोग्रॅम चालेनासा होतो. अपग्रेडला ‘आत्ता नको’ म्हणण्याचा वापरणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे आणि पुष्कळदा तसे म्हणणेच योग्य असते. पॅच नाकारण्यामागे मात्र तसे कोणतेही कारण देता येत नाही.

वॉनाक्राय हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. १२ मे २०१७ रोजी या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामेही ठप्प झाली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती. विंडोज ७ ची मुदत तेव्हा संपलेलीसुद्धा नव्हती, ती जानेवारी २०२० मध्ये संपली. त्या मशीनवरची आवृत्ती जुनी होती हे त्यांचे चुकले नाही, त्यांच्यावर पॅच बसलेला नव्हता हे चुकले. विंडोज ७ वरच राहून ज्यांनी मार्चचा पॅच घेतला होता, त्यांच्या मशीनमध्ये विषाणूला त्या वाटेने शिरता आले नाही.

तेव्हा ‘नवी आवृत्ती घेऊ का’ याआधी विचारायचा प्रश्न असा : सध्याच्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत? विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ टाइप केले की आवृत्ती दिसते. विंडोज ११ च्या होम आणि प्रो प्रकारांना प्रत्येक वार्षिक आवृत्तीसाठी २४ महिने मिळतात, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला ३६. २३एच२ (म्हणजे २०२३ च्या दुसऱ्या सहामाहीतली आवृत्ती) ची होम-प्रोसाठीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते आणि २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. आपली तारीख वर्षभर लांब असेल तर घाईचे कारण नाही. महिन्यावर आली असेल, तर आजच बॅकअपची तयारी सुरू करावी.

अपग्रेड लांबवून पॅच घेत राहण्याची सोयही प्रणालीतच आहे. प्रो प्रकारात ग्रुप पॉलिसीमध्ये (मशीनचे नियम ठरवण्याच्या साधनात) विंडोज अपडेटखाली ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ निवडण्याची पॉलिसी आहे. तिथे आवृत्तीचे नाव लिहिले की त्या आवृत्तीची मुदत संपेपर्यंत मशीन तिथेच राहते आणि मासिक पॅच येत राहतात. होम प्रकारात ही सोय नाही. तिथे अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येते आणि मुदत संपत आलेल्या आवृत्तीवरून पुढची आपोआप बसते. होम वापरणाऱ्यांनी म्हणूनच बॅकअप बारमाही तयार ठेवला पाहिजे. आणखी एक लक्षात घ्यावे की सगळी अपग्रेड सारखी जड नसतात. २४एच२ आणि २५एच२ यांचा पाया एकच आहे, त्यामुळे पॅच नियमित घेतलेल्या मशीनवर ही उडी एका छोट्या पॅकेजने आणि एका रीस्टार्टने होते. विंडोज १० वरून ११ वर जाणे हे मात्र पूर्ण स्थलांतर आहे.

पहिल्याच आठवड्यात नवी आवृत्ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अपडेट २ ऑक्टोबरला आले आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली पुसून गेल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण जुन्या जागी काही फायली राहू दिल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर निरुपयोगी समजून इन्स्टॉलरने फायलींसकट काढून टाकले. काही दिवसांतच वाटप थांबवावे लागले आणि ते १३ नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाले. सहा आठवडे थांबलेल्यांना याचा त्रास झाला नाही. उबंटू या लिनक्स प्रणालीत हे थांबणे नियमातच बसवले आहे. त्याची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २२.०४ वापरणाऱ्यांना अपग्रेडची सूचना ऑगस्टमध्ये २४.०४.१ निघाल्यावरच देण्यात आली. तुमच्या मशीनवरच्या एखाद्या ड्रायव्हरशी किंवा प्रोग्रॅमशी भांडण असल्याचे माहीत असेल, तर मायक्रोसॉफ्टही त्या मशीनला नवी आवृत्ती देणे रोखून धरते. शेजाऱ्याला सूचना आली, आपल्याला का नाही, म्हणून आयएसओ (पूर्ण इन्स्टॉलेशनची फाइल) उतरवून ती जबरदस्तीने बसवणे म्हणजे तो अडसर स्वतःच्या हाताने काढणे होय.

आता विंडोज १० कडे वळतो, कारण प्रश्न मुख्यतः त्याचाच आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मशीन त्या दिवशी बंद पडली नाहीत, त्यामुळे ‘काही झाले तर नाही’ असे वाटते. शिवाय विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या विषाणूंची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण अँटिव्हायरस आणि पॅच ही दोन वेगळी संरक्षणे आहेत. डिफेंडर ओळखीचा चोर पकडतो, मोडके कुलूप दुरुस्त करत नाही.

विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (मशीन सुरू करणारी नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्रॅम चालू देणारी तपासणी) आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सोय) लागते. ४ जीबी हा कागदावरचा किमान आकडा आहे. त्यावर ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन रडू लागते, तेव्हा ८ जीबी धरून चालावे. फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवावी, अपग्रेडचा विचार नंतर. प्रोसेसर इंटेलचा असेल तर काही थोडे अपवाद सोडून आठव्या पिढीपासूनचा हवा. कोअर आय५-८२५०यू या नावात जोडरेषेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. एएमडी रायझनमध्ये सर्वसाधारणपणे २००० मालिकेपासूनचे चालतात, पण त्यातलेही काही वगळलेले आहेत, म्हणून पूर्ण क्रमांक यादीत ताडून पाहावा किंवा पीसी हेल्थ चेक हा मायक्रोसॉफ्टचा तपासणी-प्रोग्रॅम चालवावा.

‘हे मशीन पात्र नाही’ असे वाचून लगेच नवे मशीन घ्यायला निघू नका. पुष्कळदा टीपीएम मशीनमध्येच असते, फक्त फर्मवेअरमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बायोसमध्ये) बंद ठेवलेले असते. ‘टीपीएम.एमएससी’ चालवून पाहा. सापडले नाही तर बायोसच्या सेटिंगमध्ये इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा आणि सुरू करा. त्यानंतर ‘एमएसइन्फो३२’ उघडून ‘बायोस मोड’ पाहा. तिथे ‘लेगसी’ लिहिले असेल तर खरे काम पुढे आहे. लेगसी मशीनची डिस्क एमबीआर पद्धतीने विभागलेली असते आणि यूईएफआय पद्धतीने सुरू व्हायला ती जीपीटी हवी. डिस्कची पद्धत न बदलता सेटिंगमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केले की मशीन ‘बूट करण्याजोगे काही सापडत नाही’ म्हणते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी सीएसएम पुन्हा सुरू करावे, सगळे पूर्ववत होते. योग्य क्रम असा : बॅकअप, मग ॲडमिन अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ ही सोय आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मग ‘कन्व्हर्ट’ या सूचनेने चालवणे, दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ जोडून. ती फत्ते झाल्यावरच फर्मवेअरमध्ये यूईएफआय आणि त्यानंतर सिक्युअर बूट. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाग किंवा एखादा लॉजिकल विभाग असेल तर व्हॅलिडेट तिथेच नकार देते. तो नकार मानावा आणि आधी विभाग कमी करावेत.

या सगळ्याआधी बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करणारे साधन) तपासा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तुम्ही टीपीएम किंवा बूटचे सेटिंग हलवले, तर मशीन सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला, कोणताही तंत्रज्ञ तो काढून देऊ शकत नाही. आपण एन्क्रिप्शन कधी चालू केलेच नाही, असे पुष्कळांना वाटते. पण अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन करताच ते आपोआप सुरू होते. की कागदावर उतरवा, सेटिंग बदलण्यापूर्वी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करा.

प्रोसेसरच यादीत बसत नसेल तर? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) फेरफार करून किंवा इन्स्टॉलरची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या फिरत असतात आणि त्या चालतातही. रोजच्या कामाच्या मशीनवर त्या करू नयेत. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि पुढची वार्षिक आवृत्ती दर वेळी पुन्हा तीच युक्ती करून हाताने बसवावी लागते. २४एच२ पासून तर प्रोसेसरला एसएसई ४.२ च्या सूचना कळणे सक्तीचे झाले. त्या नसलेली जुनी मशीन आधीच्या आवृत्त्यांवर युक्तीने चालत होती, ती त्या टप्प्यावर सुरूच होईनात.

अशा मशीनसाठी दोन सरळ रस्ते आहेत. एक म्हणजे विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-मुदत. घरगुती मशीनला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. मशीनवर २२एच२ आवृत्ती असली पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचे खाते जोडावे लागते. मग अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंगचे सिंक सुरू केले तर वेगळे शुल्क भरावे लागत नाही. यात फक्त महत्त्वाचे सुरक्षा पॅच येतात, नव्या सोयी येत नाहीत, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. दुसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत प्रणालीचा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ते डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. त्या अवस्थेत वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, झाकण मिटल्यावर झोपणे आणि पुन्हा जागे होणे हे सगळे तपासावे. ब्राउझर, पत्रव्यवहार, साधे हिशेब एवढेच काम असेल तर दहा वर्षांचे मशीनही त्यावर नीट चालते. मात्र काम विंडोजच्याच एखाद्या लेखा-प्रोग्रॅमवर किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर अवलंबून असेल, तर ते लिनक्सवर चालते का हे आधी पाहा. नंतर कळले तर उपयोग नाही.

बॅकअपविषयी मी आग्रही आहे. ‘विंडोज.ओल्ड’ हे जुनी प्रणाली ठेवणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, ते त्याच डिस्कवर असते. क्लाउडशी सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. बाहेरच्या डिस्कवर फायलींची एक प्रत हवी, जमल्यास क्लोनझिलासारख्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमाही हवी, आणि ती डिस्क अपग्रेडच्या वेळी मशीनपासून काढलेली हवी. प्रत घेतल्यावर तिच्यातल्या पाच-दहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

मग प्रोग्रॅमची यादी करा. ३२-बिट विंडोजवर असाल तर आहे त्या प्रणालीवरच अपग्रेड होत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, सगळे नव्याने बसवावे लागेल, आणि जुने १६-बिट प्रोग्रॅम त्यावर कधीच चालणार नाहीत. यूएसबी डोंगलवर (परवान्याची किल्ली असलेल्या खुंटीवर) चालणारे सॉफ्टवेअर असेल तर त्याचा नवा ड्रायव्हर आधी मिळवा. विंडोज ११ मधले ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण काही जुने ड्रायव्हर लोड होऊ देत नाही आणि मग डोंगल लावूनही प्रोग्रॅम ‘परवाना नाही’ म्हणतो. ज्या प्रोग्रॅमचे परवाने मशीनला बांधलेले असतात, ते आधी डीॲक्टिव्हेट करून ठेवलेले बरे.

प्रत्यक्ष अपग्रेडच्या दिवशी सी ड्राइव्हवर ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा. बाहेरून आणलेला अँटिव्हायरस पूर्ण काढा. कीबोर्ड-माउस सोडून सगळी यूएसबी उपकरणे काढा. लॅपटॉप चार्जरला लावा. आयएसओ किंवा पेनड्राइव्ह वापरणार असाल तर चालू विंडोजच्या आतूनच ‘सेटअप’ उघडा आणि ‘फायली व ॲप्स ठेवा’ हा पर्याय दिसतो आहे याची खात्री करूनच पुढे जा. पेनड्राइव्हवरून बूट केले तर तो पर्याय मिळत नाही, तिथून फक्त कोरी प्रणाली बसते. एसएसडीवर काम साधारण तासाभरात उरकते, हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जातो. टक्केवारी एका आकड्यावर अडून राहिली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर पॉवरचे बटण दाबू नका. या टप्प्यावर वीज तोडणे हे मशीन सुरूच न होण्याचे नेहमीचे कारण आहे.

अपग्रेड फसून मशीन जुन्या आवृत्तीवर परतले, तर पडद्यावरचा क्रमांक लिहून घ्या. ‘०एक्ससी१९००’ ने सुरू होऊन १०१ ने संपणारा क्रमांक जवळजवळ नेहमीच ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. आधी ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर मशीनच्या उत्पादकाकडून घेऊन बसवा, मग पुन्हा प्रयत्न करा. ‘०एक्स८००७००७०’ म्हणजे जागा अपुरी. ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड विभाग अपडेट करता आला नाही’ हा निरोप मात्र लोकांना चकवतो, कारण सी ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे असतानाही तो येतो. इथे भरलेला असतो तो १०० एमबीचा लपलेला बूट विभाग. त्यात १५ एमबीच्या आसपास जागा करावी लागते आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण त्याच विभागातून मशीन सुरू होते.

यशस्वी झाल्यावरही काम संपत नाही. मागे फिरण्याची सोय फक्त १० दिवस असते. ‘डिस्म’ या साधनात ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ ही सूचना देऊन हे दिवस ६० पर्यंत वाढवता येतात, पण १० दिवस उलटण्यापूर्वीच. त्या काळात डिस्क क्लीनअप चालवून ‘आधीची विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसू नका, त्याने परतीचा मार्ग बंद होतो. पहिल्या दोन दिवसांतच प्रिंट, स्कॅन, कॅमेरा, झोपणे-जागे होणे, डोंगल आणि बॅकअपचा प्रोग्रॅम हे सगळे एकदा वापरून बघा. पंधराव्या दिवशी स्कॅनर चालत नाही असे कळले, तर मागे जाता येत नाही.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे मागे फिरण्याचे असे बटण नाही, डिस्क पुसून जुनी प्रणाली पुन्हा बसवावी लागते, म्हणून टाइम मशीन या मॅकमधल्याच साधनाचा बॅकअप आधी हवाच. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२-बिट ॲप चालत नाहीत. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी टाहो २६ ही शेवटची आवृत्ती आहे आणि तीही मोजक्याच इंटेल मॅकवर बसते. डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनी आवृत्ती गाळून उडी मारू नये : ११ वरून १३ वर जायचे तर मध्ये १२ वर थांबावेच लागते. बाहेरच्या रिपॉझिटरी (प्रोग्रॅम जिथून येतात ती भांडारे) आधी बंद कराव्यात आणि बूट विभागात जुने कर्नल (प्रणालीचे गाभे) साचले असतील तर ते काढावेत. लिनक्सचे अपग्रेड अर्ध्यावर अडकते ते पुष्कळदा याच दोन कारणांनी.

अपडेट बंद करून बसलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. नवी प्रमाणपत्रे मुख्यतः विंडोज अपडेटमधून येतात. ती न मिळालेले मशीन सुरू होत राहील, पण बूटच्या टप्प्यावरचे पुढचे सुरक्षा-पॅच त्याला मिळणार नाहीत.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडून एकच अपेक्षा आहे. विंडोज १० ची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, त्याची बातमी आदल्या दिवशी न छापता ऑगस्टमध्येच छापावी. बॅकअप घेणे, डिस्क बदलणे, ड्रायव्हर मिळवणे, लिनक्स चालवून पाहणे, यांना काही आठवडे लागतात. आणि मथळ्यात ‘विंडोज १० बंद’ असे न लिहिता ‘विंडोज १० चे सुरक्षा पॅच बंद’ असे लिहावे. पहिला मथळा वाचून दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालेले पाहिले, की वाचक ती बातमीच खोटी ठरवतो आणि आहे तसे चालू ठेवतो.

आपला,
संगणक देखभालीचे काम करणारा एक वाचक